सपाट जमिनीवर दम लागतो का?

बी. ए. झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती लोकांना ‘दम लागतो का?’ असं विचारत फिरण्याची. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात छातीच्या आजारांचे एक डॉक्टर नव्याने आले होते. जुनाट खोकला आणि दम असलेल्या माणसांचा त्यांना अभ्यास करायचा होता, आणि गावोगाव जाऊन फॉर्म भरून आणणारं कुणीतरी हवं होतं. अटी दोनच. अक्षर चांगलं हवं आणि एस.टी. लागायला नको. माझं अक्षर खरंच चांगलं होतं. एस.टी.चं मी खोटं सांगितलं.

फॉर्म मूळचा परदेशातला. सकाळी उठल्यावर खोकला येतो का, कफ पडतो का, वर्षातून किती महिने, चालताना दम लागतो का, लागला तर किती चालल्यावर, असे प्रश्न होते. उत्तरांवरून माणसाला एक ते पाच नंबर द्यायचा. एक म्हणजे धावपळ केल्याशिवाय ज्याला दम लागत नाही तो. पाच म्हणजे सदऱ्याची बटणं लावतानाही ज्याला धाप लागते तो. दर सहा महिन्यांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. नंबर जिथल्या तिथे राहिला तर माणूस बराच काळ टिकेल. भराभर चढला तर त्याचे दिवस थोडे राहिले. श्वास मोजण्यासाठी फुंकायच्या यंत्राइतकाच हा कागद खरं बोलतो, असं डॉक्टर म्हणत, फक्त विचारणाऱ्याने नीट विचारलं पाहिजे.

त्या फॉर्मचं मराठी मी केलं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. ‘सपाट जमिनीवर चालताना तुम्हाला तुमच्या वयाच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं का?’ किती शुद्ध, किती नेमकं! डॉक्टर देशावरचे. त्यांच्या गावी म्हणे ज्वारीच्या रानात उभं राहिलं की तीन कोसांवरचं देऊळ दिसायचं. सपाट जमीन म्हटल्यावर त्यांना काही खटकलं नाही, यात नवल नव्हतं. मी मात्र जन्मापासून चढउतारावर वाढलेली. मला खटकायला हवं होतं. पण स्वतःच्या मराठीवर एकदा माणूस खूश झाला की त्याला पायाखालचं दिसत नाही.

पहिल्याच आठवड्यात लोकांनी माझा फॉर्म सरळ केला.

“सपाट?” एका म्हाताऱ्याने आजूबाजूला बघत विचारलं. “सपाट म्हंजे आमचां खळां. त्यात कशाला दम लागल?”

‘तुमच्या वयाच्या माणसांपेक्षा’ हे ऐकून दुसरा म्हणाला, “माज्या वयाचा हितं हाय कोन? दोन वर गेले, बाकीचे मुंबैस.” खोकला कुणालाच नव्हता. रात्रभर घरातल्यांना जागं ठेवणारा माणूससुद्धा म्हणायचा, “खोकला नाय बाय, घसा मोकळा करतो.” विडीचं विचारलं की सोडली म्हणायचे. कधी सोडली? “ही काय, तू आलीस तवा.” आणि विझवलेली विडी कानामागे खोचलेली असायची. मी सगळं सुवाच्य अक्षरात लिहून आणायचे आणि डॉक्टर कपाळाला हात लावायचे.

आबा मला भेटले ते संगमेश्वर तालुक्यातल्या एका आतल्या गावात. वय पासष्टच्या पुढे, बारीक, ताठ, पांढऱ्याशुभ्र मिशा. तीस वर्षं मुंबईच्या गिरणीत पिंजाईच्या खात्यात कापसाचा धुरळा खाऊन रिटायर झाले होते. गावात त्यांचा मान वेगळा होता. त्यांच्या घराकडे गाऱ्हाणं होतं. म्हणजे असं, की शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर, गावातल्या त्या दगडी चौथऱ्यावर, येऊन बसली की साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचं काम आबांचं. सगळ्या देवांची नावं, सगळ्या वाड्या, मुंबईस गेलेली पोरं, माहेरी आलेल्या पोरी, गुरंढोरं, झालेल्या चुका, मागची मागणी, पुढचा नवस, सगळं ठरलेल्या क्रमाने खणखणीत आवाजात बोलायचं. बोलणारा श्वासासाठी थांबला की जमलेल्यांनी एका तोंडाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. बापाकडून लेकाकडे तोंडातोंडी आलेलं होतं.

मी गेले तेव्हा गणपती नुकतेच झाले होते. आबांनी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, घोंगडी घालून मला बसवलं, आबांच्या बायकोने, म्हणजे आजीने, गुळाचा चहा दिला, आणि मी प्रश्न सुरू केले. आबांनी एकेका प्रश्नाला कोर्टात साक्ष दिल्यासारखं उत्तर दिलं. खोकला? नाही. दम? नाही. सपाटीवर? अजिबात नाही. चढावर? “चडाव कंचा म्हन्तेस तू? आमी चडाव मोजीत नाय.”

आजी दारात उभी होती. ती काहीतरी बोलणार होती, पण आबांनी तिच्याकडे बघितलं आणि ती आत गेली. हे मी बघितलं. त्याचा अर्थ काय, याचा विचार मात्र केला नाही. फॉर्ममध्ये बायकोच्या चेहऱ्यासाठी रकाना नव्हता.

निघताना आबा मला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला आले. रस्ता वर, घरं खाली, मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची लांबलचक पाखाडी. आठ-दहा पायऱ्या चढल्या की आबा थांबायचे आणि गोष्ट सांगायचे. “ह्यो फणस बग. हितं एकाची म्हस अडाकली व्हती, तीन दिवस.” पुढे दहा पायऱ्यांवर एक मोठा धोंडा. त्यावर म्हणे एक नवरदेव रुसून बसला होता आणि लग्नाची वेळ टळली होती. त्याच्या पुढे एक पडका गडगा, त्यात निघालेला साप, आणि तो साप बघून झाडावर चढलेला पोस्टमन. मी हसून हसून बेजार. हा माणूस म्हणजे गोष्टींचं पोतं आहे, असं मला वाटलं. थांब्यावर पोचलो तेव्हा एस.टी. नुकतीच गेली होती, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.

तिथेच बसून मी नंबर लिहिला. एक.

“काय लिवलंस?” आबांनी विचारलं. मी सांगितलं. एक म्हणजे काय, तेही मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

 ते म्हणाले, “म्हंजे किती शिमगे?”

मला आधी कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. एकच मुलगा, तो मुंबईत, गिरणीतच. गाऱ्हाणं त्याला शिकवायचं तर त्याला महिनाभर गावात राहायला हवं. महिन्याची रजा मागितली तर नोकरीवर गदा. “घाई आसंल तर बोलावतो. नोकरी गेली तर जाऊ दे. घाई नसंल तर हळूहळू शिकवीन. तू शिकलेली हायस. तुजा कागद काय म्हन्तो, खरा सांग.”

मी बावीस वर्षांची. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला इतकी मोठी गोष्ट विचारत होतं. मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारून सांगते, हे म्हणायला जीभ रेटली नाही. मी म्हटलं, “घाई कसली, आबा? दहा शिमगे कुठे जात नाहीत.”

आबांनी त्याच आठवड्यात मुलाला कार्ड टाकलं की सावकाश ये.

मार्चमध्ये दुसरा फॉर्म भरायची वेळ आली. आबांचा निरोप होता, शिमग्यालाच ये, पालखीही बघशील. सकाळी मी पोचले, फॉर्म भरला. दम? नाही. नंबर पुन्हा एक. नंबर हललेला नाही, म्हणजे माझे दहा शिमगे पक्के, म्हणून मी खुशीत सहाणेकडे गेले.

सहाण आबांच्या घराजवळच. दोन्ही एकाच पातळीवर, मधे चढ नाही. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी सहाण भरून गेली होती. पालखी नाचवून टेकली, ढोल थांबले, आबा डोक्याला टॉवेल गुंडाळून पुढे झाले आणि त्यांनी हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज जी काय तुजी लेकरां,” आबा म्हणाले.

“व्हय म्हाराजा!”

“हितं जमली हायत, जी मुंबैस ऱ्हायली हायत,”

“व्हय म्हाराजा!”

आवाज काय होता! मला तर अंगावर काटा आला. पण माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. ती आपल्या सुनेला हळूच म्हणाली, “औंदा लवकर लवकर व्हय म्हनाया लागतंय गो. आदी देव सगळे एका दमात व्हायचे.”

मी ऐकत राहिले. आता ते मलाही ऐकू यायला लागलं. वाक्य संपायच्या आत ‘व्हय म्हाराजा’ येत होतं. आबांचा आवाज अडखळायच्या आधी, अगदी नेमका अर्धा क्षण आधी, पुढच्या रांगेतली चार माणसं सुरुवात करत होती आणि बाकीचा गाव त्यांच्या मागून. त्या गजरात आबांचा श्वास घेऊन व्हायचा. कुणी कुणाला खुणावत नव्हतं. अख्खा गाव मिळून एका माणसाचा दम लपवत होता, देवासमोर, आणि मी पर्समध्ये ‘नंबर एक’ घेऊन बसले होते.

मी उठले आणि सरळ आजीच्या चुलीपाशी गेले. आजी पुरणपोळ्या लाटत होती.

“आजी, आबांना दम लागतो.”

“व्हय,” आजी म्हणाली, जणू मी तिला शिमगा आहे म्हणून सांगितलं होतं.

“मग फॉर्ममध्ये नाही कसं सांगतात?”

“तू इचारतेस काय? चालताना दम लागतो का. ते चालतच नायत.” पोळी तव्यावर टाकून तिने बोटांवर मोजून दाखवलं. वरच्या कलमांच्या बागेत जायचं दोन वर्षांपूर्वी सोडलं. मग बाजार सोडला. मग नदीवर आंघोळीला जाणं सोडलं, न्हाणीत तापवलेलं पाणी लागायला लागलं. आता घर, खळं आणि सहाण. तेवढ्यात दम लागत नाही, म्हणून लागत नाही म्हणतात. खोटं कुठे बोलतात?

“पण मला पोचवायला वर आले होते. पाखाडी चढले. गोष्टी सांगत सांगत.”

आजीने लाटणं बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. लहान मुलाकडे बघून हसतात, तशी. “त्या गोष्टी ना? त्या गेल्या दोन वर्सांतल्या. आदी ते कदी थांबायचेच नाय, तर गोष्ट सांगतील कदी? एकदा वर जाऊन आले की दोन दिस उठत नायत.”

मला पाखाडीवरची म्हैस आठवली, तो रुसलेला नवरदेव आठवला, आणि प्रत्येक गोष्टीनंतर आबा छातीवर हात ठेवून कसे ‘आईकतेस ना?’ म्हणायचे तेही आठवलं. मी त्या वेळी टाळ्या वाजवल्या होत्या. चुलीपाशी बसून मी ढसाढसा रडले. आजीने धूर लागला म्हणून समजूत घातली, आणि गरम पोळी पुढे केली. मी खाल्लीही. त्या वयात रडू आणि भूक एकमेकांच्या आड येत नसत.

रत्नागिरीला परत आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. वाटलं, नोकरी गेली.  डॉक्टरांनी फॉर्मच्या खाली पेन्सिलने एक प्रश्न लिहिला: ‘पूर्वी करत होतात आणि आता सोडून दिलंत असं काय काय?’ माझ्या सगळ्या शुद्ध मराठीपेक्षा तो एक प्रश्न बरा होता. आबांना त्यांनी दवाखान्यात आणवून यंत्रात फुंकायला लावलं आणि तो प्रश्न स्वतः विचारला. नंबर निघाला चार. मुलाला बोलवायचं तर आत्ताच बोलवायला सांग, डॉक्टर मला म्हणाले, आणि चुकीचं तू सांगितलंस तर दुरुस्तही तूच कर.

ते सांगायला मी गेले त्या दिवशी एस.टी.त तीनदा उलटी झाली.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. “म्हंजे तुजा एक खोटा,” एवढंच म्हणाले.

“खोटा. माझी चूक झाली, आबा.”

“तुजी आर्दी. आर्दी माजी. मी तुला म्हशीची गोष्ट सांगतली.” मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “ती म्हस खरी व्हती पन.”

मुलाला रजा मिळाली नाही, आणि नोकरी सोडून यायला तो धजेना. वर्षाची रजा तो शिमग्यात घालवून बसला होता. पुढच्या शिमग्याआधी त्याला यायला जमणार नव्हतं, आणि आबांचा भरवसा आता कुणीच देत नव्हतं. मी म्हटलं, मी लिहून घेते. आबांना ते पटेना. देवाशी कागद बघून बोलतात का? आजी आतून म्हणाली, “मंग देवालाच सांगा पोराला शिकवाया.” दुसऱ्या दिवशी आबांनी मला निरोप धाडला.

एप्रिल-मे मी दर रविवारी जात होते. हे काही माझ्या कामात बसत नव्हतं. आबा बसून गाऱ्हाणं सांगायला तयार नसत. उभे राहून, हात जोडून, टॉवेल गुंडाळून. कोरे फॉर्म बरेच उरले होते, त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूंवर मी लिहीत होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जातेच आहेस तर एका श्वासात किती शब्द होतात तेही बघ, त्याच्याइतकं खरं उत्तर कुठल्याच प्रश्नाला मिळणार नाही. म्हणून आबा श्वासाला थांबले की मी तिथे एक उभी रेघ मारायचे. सुरुवातीला आठ-दहा शब्दांवर रेघ पडायची. मेअखेर चार-पाच शब्दांवर. रेघा जवळजवळ येताना दिसत होत्या आणि मी तोंडावर काही दिसू न देता लिहीत होते. फॉर्म भरताना शिकलेली तेवढी एकच विद्या कामी आली.

पाऊस लागायच्या आत सगळं पुरं झालं. शेवटच्या रविवारी आबांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं होतं, त्यावरून मी सुवाच्य अक्षरात पक्की प्रत काढली आणि मुंबईला मुलाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली. डॉक्टरांची वर्षाची नोंद संपली, माझीही नोकरी संपली.

पुढच्या शिमग्याला मी माझ्या खर्चाने गेले. आबा होते. खुर्चीला दोन बांबू बांधून चौघांनी त्यांना सहाणेपर्यंत आणलं. घरापासून सहाण ती केवढी, तीही आता त्यांना चालवत नव्हती. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला बघून फक्त मिशी हलली. मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले.

मुलगा पुढे झाला. तिशीचा, छाती भरलेली. मुंबईत गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचा, म्हणजे दम धरण्यात गावात त्याचा हात धरणारं कुणी नसावं. त्याने टॉवेल गुंडाळला, हात जोडले आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा, आज जी,” आणि थांबला.

“व्हय म्हाराजा!”

“काय तुजी लेकरां हितं,” आणि थांबला.

“व्हय म्हाराजा!”

मला वाटलं, घाबरला असेल. पहिलीच वेळ. पण तो घाबरलेला नव्हता. तो अगदी ठरवून थांबत होता, चार शब्दांवर, पाच शब्दांवर, वाक्य तुटत असलं तरी. छाती हवेने भरलेली, आणि तरी थांबत होता. मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पक्की प्रत काढताना मी त्या उभ्या रेघाही उतरवल्या होत्या. सगळ्या. पट्टी लावून. त्याने त्या गाऱ्हाण्यातल्याच समजून पाठ केल्या होत्या.

लाजेने माझे कान तापले. मी आबांच्या कानाशी वाकून म्हटलं, “आबा, चुकलं माझं. ते थांबे गाऱ्हाण्यात नाहीत, तुमच्या दमाचे आहेत. मी त्याला सांगून येते.”

आबांनी माझं मनगट धरलं. हात थंड होता, पण पकड चांगली होती.

“बस खाली,” ते म्हणाले. श्वास घेतला. “मधे कोन बोलत नाय.”

मुलगा पुढे म्हणत गेला. देव झाले, वाड्या झाल्या, मुंबईची पोरं झाली. गाव त्याच्या प्रत्येक रेघेवर न चुकता ‘व्हय’ म्हणत होता. गेल्या शिमग्यातच त्यांना ती सवय लागली होती. कुणाला काही वावगं वाटलं नाही. एक शब्द राहिला नाही, एक देव चुकला नाही. आबा ओठ हलवत त्याच्याबरोबर चालले होते. सगळं झाल्यावर मुलाने शेवटचं मागणं घातलं, काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल आणि लेकरांना सांभाळ, आणि थांबला.

माझं मनगट अजून आबांच्या हातात होतं. वडील गेल्यापासून दर शिमग्याला त्यांनीच गाऱ्हाणं घातलं होतं, ‘व्हय’ म्हणायची पाळी त्यांच्यावर त्यानंतर कधी आलीच नव्हती. त्यांनी मान वर केली, मुलाकडे बघितलं, आणि गावाबरोबर तेही म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

त्या दोन शब्दांना त्यांचा दम पुरला.